पाव इंचाची दांडी

नाना,

तुमच्या सुतकाच्या दिवसांत भेटायला येणारी माणसं ओसरीवर बसायची, पाण्याचा घोट घ्यायची आणि थोड्या वेळाने एकच वाक्य बोलायची. "हात गेला तेव्हापासूनच नाना खचले." आणखी कोणी म्हणायचं, "त्या वयात मशीनवर कशाला बसायचं?" मंगला मान हलवायची. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा असायचो, आणि मीही मान हलवायचो. तेरा दिवस मी मान हलवली.

चौदाव्या दिवशी तुमच्या मुलीला, मंगलाला, खरं सांगितलं. आता तिच्याच सांगण्यावरून हे लिहायला बसलो आहे. आपल्या समाजाच्या मासिकात देणार आहोत, म्हणजे ज्यांनी ज्यांनी मान हलवली त्या सगळ्यांच्या हातात पडेल. पण बोलायचं आहे ते तुमच्याशीच.

तुम्ही पोरगी दिलीत ती बँकेतल्या कारकुनाला. दोन वर्षांत त्या कारकुनाने राजीनामा दिला आणि जळगावात एसटी स्टँडजवळ गाळा घेतला, व्हिडिओ गेमचं पार्लर काढायला. तुम्ही मला रागावला नाहीत. धुळ्याला आलो की "या जावईबापू, पाणी घ्या," म्हणायचात आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये निघून जायचात. वर्षभर आपलं बोलणं एवढंच होतं. सासऱ्याने जावयाला एकेरी बोलू नये हे तुम्ही इतकं पाळायचात, की तुमचा आदरच मला टोचायला लागला होता.

मुंबईतलं एक पार्लर बंद झालं आणि त्याच्या सहा मशिनी मी उचलून आणल्या. पडदे चांगले होते, आतली सर्किटं चांगली होती. खेळणाऱ्याच्या हाताखालची फळी, जिच्यावर दांडा आणि बटणं बसवतात ती, सहाही मशिनींची कुजली होती. कोणी कोणी त्यावर पाणी, चहा सांडलेला. प्लाय फुगून भोकं वेडीवाकडी झाली होती आणि बटणं आत बुडायची. पिंप्राळ्यातल्या एका सुताराने मला नमुन्याची एक फळी करून दिली. भोकांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या, आणि दांडा इतका खाली की वर नुसता गोळा दिसायचा. मंगला म्हणाली, "नानांना विचारा."

"ते करतील?"

"विचारा तरी. नाही म्हणाले तर नाही म्हणतील."

ती फळी आणि मशीनचं एक लाल बटण घेऊन मी धुळ्याला आलो. तुम्ही फळी उलटी केलीत, अंगठा भोकाच्या कडेवरून फिरवलात आणि स्वतःशीच अहिराणीत बोललात, "हाई कोनी करं? बठ्ठं फाडी टाकं यानी." मग माझ्याकडे बघून शुद्ध मराठीत, "जावईबापू, हे बटण माझ्याकडे राहू द्या आठ दिवस."

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की तुम्ही साधे सुतार नव्हता. पंपांच्या ओतकामाच्या कारखान्यात तुम्ही पॅटर्नमेकर होता. लोखंडी वस्तू ओतायची तर आधी तिचं हुबेहूब लाकडी रूप करावं लागतं. ते वाळूत दाबलं की ठसा उमटतो आणि ठशात लोखंड ओततात. लाकडात केसभर चूक झाली तर हजार पंप चुकतात. निवृत्त झाल्यावरही धुळ्यातल्या एका जुन्या ओळखीच्या फाउंड्रीचे शेठ तुमच्याकडेच पॅटर्नचं काम पाठवायचे. "नानांनी केलेला पॅटर्न मी मोजत नाही," असं ते चारचौघांत सांगायचे, आणि तुम्ही ते ऐकलं नाही असं दाखवायचात.

त्या आठ दिवसांत ते लाल बटण तुमच्या सदऱ्याच्या खिशात होतं. मंगलाची धुळ्यातली मैत्रीण सांगत होती की भाजी घेतानाही तुम्ही ते काढून दाबून बघत होता. पुढच्या रविवारी मी आलो तेव्हा तुमच्याकडे कागद तयार होता. पेन्सिलने काढलेली फळी, आठ भोकं, दोन दांडे, सगळी मापं.

"बटणाचा गळा साडेसत्तावीस मिलिमीटर. भोक अठ्ठावीसचं घ्यायचं. अर्ध्याची मोकळीक हवी, नाहीतर पावसाळ्यात प्लाय फुगलं की बटण अडकेल. दुसरं, तुमची प्लाय सहा सुतांची. दांड्याची पत्री खालून लावता, म्हणून दांडा आखूड पडतो. खालून चार सूत खोल घर पाडायचं, पत्री त्यात बसवायची. दोन सूत लाकूड वर राहील. दांडा बरोबर येईल हाताला."

"किती वेळ लागेल, नाना?"

"पटाशीने एका घराला दीड दिवस. घरं बारा."

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली होती. सुट्टीत पार्लर उघडलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गाळ्याचं भाडं मला झेपणार नव्हतं. म्हणून मी ते राऊटर आणलं, मुंबईच्या जुन्या बाजारातून. विजेवर गरगर फिरून लाकडात खाच पाडणारं मशीन, वापरलेलं, पण मोटर शाबूत. त्यात बसवायचा बिट, म्हणजे पुढचं कापणारं पातं, नव्हता. तुम्ही ते पाहिलंत, हातात तोललंत आणि म्हणालात, "भोवरा बरा शे." त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी तुमच्या बोलीत बोललात. तुमच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं.

आपण दोघं बिट घ्यायला गेलो ती सकाळ मला सगळी आठवते. धुळ्याच्या त्या हार्डवेअरच्या दुकानात तुम्हाला स्टूल मिळायचं, बाकीचे उभे. दुकानाचे मालक, राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी आलेल्या घराण्यातले, तुम्हाला न विचारता चहा सांगायचे. त्यांनी काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं आणि बिटांचे डबे उपडे केले. तुम्ही एकेक उचलून मला दाखवायला लागलात. मी बँकेत चार वर्षं काढली, तिथे कोणी मला इतकं मन लावून काही शिकवलं नव्हतं.

"हा चपटा. स्वस्त. पण पलीकडे निघताना लाकूड फाडतो. तुमच्या त्या सुताराने हाच घातला असणार. आणि हे गिरमिट. ओल्या लाकडाला उत्तम, प्लायचे थर उचकटतं." मग गोल करवतीसारखा बिट, मध्ये बारीक ड्रिल असलेला. "हा घ्या. दात बारीक बघून घ्या, नाहीतर सनमायका तडकेल. अर्धं वरून पाडायचं, फळी उलटायची, मधल्या छिद्रावर टोक ठेवून अर्धं खालून. दोन्हीकडे कड स्वच्छ."

"आणि घाई झाली तर?" मी हसत विचारलं.

"तर जळतं," तुम्ही न हसता म्हणालात.

राऊटरचा बिट शेवटी निघाला. दुकानाच्या शेठनी सरळ धारेचा एक बिट पुढे केला. "ये लो नाना, दोन सुती."

तुम्ही खिशातून व्हर्नियर काढलात. कारखाना सोडला तरी ते मोजायचं साधन तुमच्या खिशातून गेलं नव्हतं. बिटाची दांडी त्यात धरलीत, चष्मा कपाळावर सरकवून वाचलंत आणि बिट परत वर्तमानपत्रावर ठेवलात. "दोन सूत नाही हे. सहा मिलिमीटर आहे."

"एकच झालं की," शेठ म्हणाले.

"एकच कसं? दोन सूत म्हणजे पाव इंच, सहा पूर्णांक पस्तीस. ह्यांच्या मशीनची पकड पाव इंची आहे. वरून आवळला की घट्ट बसल्यासारखा वाटेल, फिरायला लागला की सरकेल. पाव इंची दांडीचा द्या."

तो दुकानात नव्हता. मुंबईहून येईल, आठ-दहा दिवस, असं शेठ म्हणाले. तुम्ही चहा संपवलात आणि म्हणालात, "येऊ द्या. तोवर भोकं पाडून घेऊ." मीही हो म्हणालो.

त्या आठवड्यात तुम्ही अठ्ठेचाळीस भोकं पाडलीत. मी फळी धरायला यायचो. जळगाव ते धुळे एसटीने, सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. दुपारी शेडमध्येच भाकरी आणि ठेचा. मधून तुम्ही मशीन बंद करून वाद घालायचात. तुमचा प्रश्न असा होता की ह्या खेळात हरलेलं पोरगं घरी जाताना बरोबर काय घेऊन जातं. मी विचारलं, तुम्ही तरुणपणी पाच कोस चालून कुस्त्या बघायला जायचात, तेव्हा काय घेऊन यायचात? तुम्ही भोकातला भुसा फुंकत बसलात. "ह्याचं उत्तर आहे माझ्याकडे. जरा विचार करून देतो," म्हणालात. नाना, मी तो प्रश्न जिंकण्यासाठी विचारला नव्हता. मला खरंच ते उत्तर हवं होतं. तुम्ही ते शेवटपर्यंत दिलं नाहीत.

आता पुढचं.

आठ दिवस झाले, बिट आला नाही. दिवाळी दहा दिवसांवर. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो आणि तुमच्या घराकडे न येता आधी दुकानात गेलो. शेठ नव्हते, त्यांचा नोकर होता. मी तोच सहा मिलिमीटरचा बिट मागितला. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने मला युक्ती सांगितली होती, दांडी बारीक पडली तर सिगरेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी गुंडाळायची, बसते. मी दुकानाच्या पायरीवर उभं राहून पन्नीचे दोन वेढे दिले. पकडीत घालून पाहिला. घट्ट बसला. माझ्या हाताला तरी घट्ट वाटला.

शेडमध्ये तुम्ही फळीवर घरांच्या रेघा आखत होता. मान वर न करता विचारलंत, "आला का पाव इंची?"

"आला."

"तुम्ही मोजला ना?"

"मोजला, नाना."

"मग झालं," तुम्ही म्हणालात.

व्हर्नियर तुमच्या खिशातच होतं. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्याच्या मापावर विसंबून लाकडावर एक रेघ काढली नाहीत. कारखान्यातल्या साहेबाने दिलेला आकडाही तुम्ही पुन्हा मोजायचात, ह्यावरून तुम्हाला बोलणी बसलेली मंगलाने मला सांगितली होती. आणि माझं माप तुम्ही न मोजता घेतलंत. वर्षभर मी ज्याची वाट बघत होतो ते त्या दोन शब्दांत होतं. मला कळलंही. कळूनसुद्धा मी बिट मशीनमध्ये आवळायला घेतला.

पहिल्या दोन फळ्या सुरेख झाल्या. चार घरं, एकेक घर आरशासारखं. तुम्ही मशीन थांबवून तळ बोटाने चाचपलात आणि खूश झालात. "यंत्र वाईट नाही, जावईबापू. आपणच उगाच घाबरतो." तिसऱ्या फळीच्या वेळी आवाज बदलला. मी ऐकला. तुम्हीही ऐकला असणार, कारण तुमचा उजवा हात मशीन बंद करायच्या बटणाकडे गेला. पण तोवर बिट पकडीतून खाली सरकला होता. तो लाकडात खोल रुतला, मशीनने झटका घेतला आणि ते फळीची कड धरलेल्या तुमच्या डाव्या हातावरून गेलं.

मी तार उपटली. तुम्ही ओरडला नाहीत. डावं मनगट उजव्या हाताने दाबून धरलंत आणि खाली बसलात. मशीन तुमच्या समोर आडवं पडलं होतं, पकडीतून बिट अर्धा बाहेर आलेला, आणि दांडीवर चंदेरी पन्नी लोंबत होती. तुम्ही ती पाहिलीत. मग माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. शेजारची माणसं धावत येताना ऐकू येत होती.

"पहिले तो बिट काढ," तुम्ही म्हणालात. "खिसामा टाक."

लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही मला एकेरी बोललात. मी बिट काढला, तो गरम होता, आणि पॅन्टच्या खिशात टाकला. त्या क्षणी मला वाटलं कारखान्यातल्या माणसाची ही शिस्त असेल, आधी यंत्र सुरक्षित करायचं. शेजाऱ्यांनी टॉवेल बांधला, रिक्षा आणली. दवाखान्याच्या बाकावर बसलो तेव्हा तो बिट मांडीला टोचत होता, आणि तेव्हा मला समजलं की तुम्ही काय केलं होतं.

तर्जनी आणि मधलं बोट वाचवता आलं नाही. संध्याकाळी मंगला जळगावहून आली. दारातूनच म्हणाली, "काय झालं? कसं झालं?" मी तोंड उघडलं. तुम्ही माझ्या आधी बोललात.

"मना हात चुकना."

"नाना, कितला डाव सांगं तुमले, आते बस करा!" ती रडत रडत तुमच्यावर चिडली. "म्हातारपणी ही हौस कशाला? नजर राहिली नाही, हात राहिला नाही!" तुम्ही ऐकून घेत होता. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो.

तो बिट मी दुसऱ्या दिवशी परतताना एरंडोलच्या स्टँडवर कचऱ्यात टाकला. ह्यात कसलाही अर्थ नव्हता. कोणी पाहू नये म्हणून टाकला.

दिवाळी तशीच गेली, गाळ्याचं भाडं मी उसने पैसे काढून भरलं. पुढे दीड महिन्याने तुमचा निरोप आला, फळ्या अर्धवट राहिल्यात, या. मला वाटलं आता तुम्ही बोलाल. मी एसटीत वाक्यं जुळवत आलो. तुम्ही स्टुलावर बसला होता, हाताला पांढरी पट्टी, समोर उरलेल्या फळ्या आणि पटाशी. "बसा. तुम्हाला करायचंय आता." आठ घरं मी पटाशीने पाडली, तुम्ही शेजारी बसून सांगत राहिलात. "आधी रेघेवर आडवं तोडा, मग उपसा. रेघेच्या आत राहा. रेघ दिसली पाहिजे शेवटी." पंधरा दिवस लागले. ह्या पंधरा दिवसांत शेडमध्ये आपण दोघंच होतो, नाना, आणि आपण त्या बिटाबद्दल एक शब्द बोललो नाही. एकदा मी सुरुवात केली, "नाना, त्या दिवशी तो बिट..." तुम्ही म्हणालात, "ती धार लावा आधी. बोथट झालीय." मी धार लावायला उठलो. उठायला नको होतं.

पार्लर सुरू झालं. चाललं. आज मी जो काही आहे तो त्या सहा फळ्यांवर उभा आहे. तुम्ही एकदाच आलात, धुतलेलं धोतर, टोपी. पोरं तुमच्याकडे बघायला लागली. तुम्ही खेळला नाहीत. बॅटरी मागितलीत, मांडी घालून खाली बसलात आणि प्रत्येक फळीच्या खालून घरं तपासलीत. उठून म्हणालात, "सहावी सगळ्यात बरी जमली तुम्हाला." त्या दिवशी मी गाळ्याच्या मागे जाऊन रडलो, हे तुम्हाला ठाऊक नाही.

पण तुमचं काय झालं? फाउंड्रीच्या शेठना कोणीतरी सांगितलं की नानांचा हात मशीनवर चुकला. ते भेटायला आले, फळं घेऊन. त्यांनी तुम्हाला विचारलं, तुम्ही तेच सांगितलंत. पुढचा पॅटर्न त्यांनी दुसरीकडे दिला. त्यांचं चूक नव्हतं. तीन बोटांनीसुद्धा तुम्ही काम केलं असतं, तुम्ही रंदा धरायची नवी रीत शोधली होती, मी पाहिलं होतं. पण ज्याची नजर चुकते त्याला पॅटर्न कोण देईल? आणि मंगला हट्टाला पेटली. तिला भीती होती, दुसरा हातही जाईल. तिने एरंडोलकडच्या एका तरुण सुताराला बोलावलं आणि तुमची हत्यारांची पेटी त्याला देऊन टाकली. तुम्ही ओसरीवर बसून त्याला एकेक हत्याराबद्दल सांगत होता. ह्या रंद्याचं पातं अमुक बाजूने काढायचं, ही पटाशी ओल्या लाकडाला लावू नको. पेटी जड होती. टेम्पोत चढवायला एक कडी त्याने धरली, दुसरी मी.

नाना, त्यानंतर सात वर्षं तुम्ही काय केलंत? सकाळी पांझरा नदीच्या काठाने फिरून यायचात, पेपर वाचायचात. शेडला कुलूप. मी आलो की "या जावईबापू" म्हणायचात, आणि त्यात आधीचं टोचणं नव्हतं, माया होती. हे मला जास्त जड गेलं. कधी कधी मला तुमचा राग यायचा. तुम्ही मला वाचवलंत की बांधून ठेवलंत? मुलीचा संसार सांभाळलात, ते कबूल. पण मला कबूल करण्याची जागाच ठेवली नाहीत, असं मी स्वतःला सांगायचो. हे खोटं आहे. जागा रोज होती. तुम्ही धार लावायला सांगितलंत म्हणून कोणी सात वर्षं धार लावत बसत नाही.

तुमच्या आजारात, शेवटच्या आठवड्यात, मी पाय दाबत होतो. म्हणालो, "नाना, मला माफ करा." तुम्ही डोळे उघडलेत. "कसाले?" एवढंच विचारलंत. कशाबद्दल? मला वाटतं तुम्ही मला ते बोलायला लावत होता, शेवटी एकदा. तेवढ्यात मंगला औषध घेऊन आली आणि मी म्हणालो, "काही नाही, असंच."

चौदाव्या दिवशी सकाळी मंगलाने शेडचं कुलूप काढलं. आत काहीच नव्हतं, भिंतीवर हत्यारं टांगायचे खिळे तेवढे. ती म्हणाली, "किती रिकामं वाटतं. पण हत्यारं काढली ते बरंच केलं नाही? नाहीतर नाना ऐकले नसते." तिने माझ्याकडे पाहिलं, मी हो म्हणावं म्हणून. मला ते म्हणता आलं नाही. मी तिथेच, दारात, सगळं सांगितलं. दुकान, पन्नी, "मोजला, नाना", खिसा.

ती ओरडली नाही. खाली बसली, जिथे तुम्ही बसला होता तिथेच. मग म्हणाली, "मी त्यांना आंधळं म्हणाले. हात राहिला नाही म्हणाले. पेटी दिली त्यांची. आणि तुम्ही तिथेच उभे होतात."

"हो."

"प्रत्येक वेळी उभे होतात."

"हो."

"मला आता त्यांना काही सांगता येणार नाही," ती म्हणाली. नाना, तुमच्या दोन बोटांपेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. मी तुमच्याशी खोटं बोललो, ते तुम्ही पोटात घातलंत. पण तिच्याकडून जे करवून घेतलं ते पोटात घालायला आता कोणी उरलेलं नाही.

मग ती उठली. "फाउंड्रीत जा. शेठ असतील आत्ता. मला सांगितलं तसंच सांगा, एक शब्द कमी नको."

मी गेलो. भट्टी चालू होती, वाळूचा वास. शेठ आता म्हातारे झालेत, मुलगा कारभार बघतो. त्यांनी मला खुर्ची दिली. मी उभ्यानेच सांगितलं. ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसत राहिले.

"मी खोदून विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "पण जावईबापू, तीस वर्षांत नाना माझ्याशी खोटं बोलले नव्हते. एखादा पॅटर्न बिघडला तर स्वतः येऊन सांगायचे, फेकून द्या म्हणून. ते म्हणाले हात चुकला, मी म्हटलं, चुकलाच असणार." मग, "नानांनंतरचे पॅटर्न मी मोजून घेतो. सगळे."

घरी येऊन हे मंगलाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "एकदाच बोलले ते खोटं," ती म्हणाली, "आणि तेही तुमच्यासाठी." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. जळगावला परत आलो, पार्लर उघडलं, आठवडा झाला. ती स्वयंपाक करते, ताट वाढते. मी काही मागत नाही.

हे लिहून झालं तेव्हा मी कागद तिला वाचायला दिले. तिने दुपारी दारात बसून वाचले, पेन्सिल हातात घेऊन. परत दिले तेव्हा एका ओळीखाली रेघ होती. मी आधी लिहिलं होतं, "त्या अपघातात तुमची दोन बोटं गेली."

"गेली कशी?" ती म्हणाली. "नीट लिहा."

मी ती ओळ खोडली. वर जिथे ती होती तिथे दुसरं काही न घालता इथे, शेवटी, लिहितो आहे, म्हणजे वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही. नाना, तुमची बोटं मी घालवली. तुमचा हात चुकला नव्हता.